दवाखान्याची मेंबरशिप घेतली की मेडिक्लेम सोडायचा का?

पत्र

ताई, माझं शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. वय 46. घरी बायको, बारावीतली मुलगी आणि 71 वर्षांची आई. आईला शुगर आणि बीपी. सहा वर्षांपासून चौघांची मिळून 3 लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे. गेल्या वर्षी जीएसटी धरून 36,580 रुपये भरले. यंदा जीएसटी काढला म्हणतात, तरी 38,000 ची नोटीस आलीय. सहा वर्षांत क्लेम एकच, बायकोच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा. त्यातही 96,000 च्या बिलातले 27,000 कापले. (सेटलमेंट लेटर सोबत जोडलंय.)

आता राजारामपुरीतल्या एका दवाखान्यानं फॅमिली मेंबरशिप काढलीय. वर्षाला 14,000 रुपये. कितीही वेळा दाखवा, फोनवर सल्ला, नेहमीच्या रक्ततपासण्या फुकट, औषधांवर 20 टक्के सूट. एकट्या माणसाला 5,000, आणि ज्येष्ठांना घरी येऊन तपासतात. मेहुणा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडं लोक इन्शुरन्सवाल्यांना वैतागून हेच करायला लागलेत. पॉलिसीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. ती सोडून मेंबरशिप घेऊ का?

ता. क. वर्कशॉपमधल्या सहा पोरांनाही त्यात घेता येईल का?

— एक वाचक, उद्यमनगर (नाव छापू नका)

उत्तर

दादा, पॉलिसी सोडू नका. मेंबरशिप घ्या, पण चौघांची नको. एकट्या आईंची घ्या. कारण सांगते, पण आधी त्या 27 हजारांचं बोलू. तुमच्या पत्रातला खरा राग तिथंच आहे. आणि माझी निम्मी नोकरी एका हॉस्पिटलच्या कॅशलेस खिडकीत गेली, त्यामुळं असली लेटरं मला वर्तमानपत्रासारखी वाचता येतात.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याला विमा रकमेच्या 1 टक्क्याची मर्यादा आहे, म्हणजे दिवसाला 3,000. तुम्ही घेतलेली खोली 4,500 ची. तुम्हाला वाटलं असणार, वरचे दीड हजार आपण भरू, तीन दिवसांचे साडेचार हजार, विषय संपला. तसं होत नाही. खोली मर्यादेबाहेर गेली की सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर यांचे पैसेही त्याच प्रमाणात कापतात. 4,500 ला 3,000, म्हणजे दोन तृतीयांश. तुमच्या बिलात हे खर्च 54,000 होते, मान्य झाले 36,000. खोलीचे 13,500 होते, मिळाले 9,000. औषधं आणि तपासण्यांचे 24,000 पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कात्री लावायची नाही असा नियम आहे. ग्लोव्हज, किट वगैरे 4,500 पॉलिसीत बसतच नव्हते. बेरीज करून बघा, 69,000 च येतात. म्हणजे खोलीच्या फरकापोटी साडेचार नाही, साडेबावीस हजार गेले.

कंपनीनं फसवलं नाही, पण पॉलिसी विकताना हे कुणी सांगितलं नाही, हे मात्र खरं. खिडकीत बसून मी हे रोज बघायचे. खोली निवडायला नातेवाईक पुढं, पॉलिसीचा कागद घरी कपाटात. या एका कलमापायी पॉलिसी मोडण्यापेक्षा ते कलम नसलेली पॉलिसी बघा. पोर्टिंग, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडं नेणं, करता येतं, आणि आधीच्या वर्षांचं पुण्य त्या 3 लाखांपुरतं सोबत येतं. त्यासाठी तारखेच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करावी लागते, त्यामुळं यंदा ती वेळ बहुधा गेली. पुढच्या वर्षीसाठी कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.

आता मेहुण्यांचं. ते खोटं सांगत नाहीत. तिकडं या प्रकाराला डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात. महिन्याला साधारण 50 ते 100 डॉलर डॉक्टरला थेट द्यायचे, मधे इन्शुरन्स कंपनी नाही, क्लेम नाही, बिलाचे कोड नाहीत. असा डॉक्टर पेशंटही मोजकेच घेतो, साधारण सहाशेच्या आसपास, म्हणून एकेकाला वेळ देऊ शकतो. पण अमेरिकेत सर्दी-खोकल्याचं बिलसुद्धा इन्शुरन्सच्या चक्रातून फिरायचं. त्या कागदपत्रांनी डॉक्टर आणि पेशंट दोघंही मेटाकुटीला आले, म्हणून ही वाट निघाली. शिवाय ती घेणाऱ्यालाही तिथले डॉक्टर बजावतात, की हॉस्पिटलसाठी मोठ्या खर्चाची पॉलिसी ठेवाच. जुलै 2025 मध्ये तिथं झालेल्या कायद्यानं 1 जानेवारी 2026 पासून आरोग्य बचत खात्यातून ही फी भरता येते, एकट्याला महिन्याला 150 आणि कुटुंबाला 300 डॉलरपर्यंत. ते खातंसुद्धा मोठ्या खर्चाच्या पॉलिसीलाच जोडलेलं असतं. पॉलिसी सोडा, असं तिथंही कुणी म्हणत नाही.

आणि आपल्याकडं तर गाडी उलटीच आहे. तुमच्या पॉलिसीनं डॉक्टरांची तीनशेची फी कधी दिली होती? आपले मेडिक्लेम मुळात ॲडमिट झाल्यावरचे, फार तर डे-केअरचे. दवाखान्याचे पैसे आपण पिढ्यान्‌पिढ्या खिशातूनच देत आलोय. त्यामुळं राजारामपुरीतली मेंबरशिप तुमच्या पॉलिसीची जागा घेत नाही, तुमच्या खिशातल्या त्या तीनशेंची घेते. तुमच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, असेल, आणि आग-पुराचा विमाही. 2019 ला पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा एएमसीवाल्याकडं नुकसानभरपाई मागायला कुणी गेलं नव्हतं. दोन कागद, दोन कामं.

मग मेंबरशिपचा हिशेब तीनशेंशीच करू. तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर वर्षाचा खर्च लिहिलाय, बरं केलंत. आईंची दर महिन्याची तपासणी, 300 प्रमाणे 3,600. दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी, 1,200 प्रमाणे 4,800. बाकी तिघांच्या मिळून आठ फेऱ्या, 2,400. सगळे 10,800. त्यासाठी 14,000 भरणार? कितीही वेळा या म्हटलं म्हणून बारावीतली पोरगी महिन्यातून दोनदा आजारी पडणार आहे का? आईंचं एकटीचं मात्र गणित जमतं. 8,400 चं काम 5,000 त.

आईंसाठी मी पैशापलीकडचंही बघेन. खिडकीत असताना गडहिंग्लजकडच्या एक आजी ॲडमिट झाल्या होत्या, शुगर एकदम खाली गेली म्हणून. मुलानं औषधांची पिशवी टेबलावर ओतली. तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि ग्लिमेपिराइड ही शुगरची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी. आजी दोन्ही खात होत्या, इमानेइतबारे. एकानं लिहून दिलेली बंद करायला दुसऱ्यानं सांगितलंच नव्हतं, कारण पहिली चिठ्ठी त्यानं बघितलीच नव्हती. क्लेम मंजूर झाला, पैसे मिळाले. पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघणारा एक डॉक्टर असता तर तो क्लेम लागलाच नसता. फॅमिली डॉक्टर नावाचा माणूस आपल्या पेठांतून कमी कमी होत गेला, त्याचं हे बिल आहे. मेंबरशिपनं तो माणूस परत मिळत असेल तर पाच हजार स्वस्त. नुसतं कार्ड आणि व्हॉट्सॲप ग्रुप मिळत असेल तर महाग.

ते ओळखायचं कसं? पैसे भरण्याआधी एक फेरी मारा आणि समोर बसून विचारा. आईंना बघणार कोण, दर वेळी तोच डॉक्टर की जो हजर असेल तो? त्यांची पदवी काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का? अशी किती कुटुंबं एका डॉक्टरकडं? या प्रश्नाला नीट उत्तर आलं नाही तर उठा, कारण हजारभर कुटुंबं घेऊन घरी जाऊन तपासणं कुणाला जमत नाही. रात्री फोन उचलणार कोण? ‘नेहमीच्या तपासण्या’ म्हणजे कोणत्या, नावानिशी लिहून घ्या. शुगरच्या माणसाला एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, दर तीन ते सहा महिन्यांनी लागते, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्याच्या पडद्याची तपासणी, पायांची तपासणी. यादीत नुसतं सीबीसी आणि उपाशीपोटीची शुगर असेल तर आईंच्या उपयोगाचं थोडंच. औषधांवरच्या 20 टक्क्यांनी हुरळून जाऊ नका. ती सूट छापील किमतीवर असते. तीच गोळी जनऔषधी केंद्रात पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. डॉक्टर औषधाचं मूळ नाव लिहून देतील का, हे विचारा.

आणखी एक विचारायचं ते जरा अवघड आहे, पण विचारा. पेशंट ॲडमिट करायची वेळ आली तर कुठं पाठवता? उत्तर एकाच हॉस्पिटलचं असेल तर कान टवकारा. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, आपल्याकडं नवी नाही, आणि मेंबरशिपच्या नावाखाली हॉस्पिटलचे बेड भरायचं काम चालू शकतं. दवाखाना मधेच बंद पडला किंवा डॉक्टर सोडून गेले तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, हे पावतीवर लिहून घ्या. पावती पक्की घ्या. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टानं 1995 सालीच स्पष्ट केलंय. उद्या भांडायची वेळ आलीच तर जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी पडत नाही. आणि माहितीपत्रकात कुठं ‘ॲडमिट झाल्यास एक लाखापर्यंत खर्च आम्ही देऊ’ असं दिसलं तर त्या दारात पुन्हा जाऊ नका. ते विम्याचं काम झालं, आणि त्याला विमा नियामकाची, म्हणजे आयआरडीएआयची नोंदणी लागते. गल्लीतला दवाखाना ते करू शकत नाही.

पॉलिसी सोडली तर काय जाईल, हे कागदावर दिसत नाही म्हणून सांगते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की आधीचा आजार लपवला असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. तुमची सहा झाली. जुन्या आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबण्याची मुदत, जी जास्तीत जास्त तीन वर्षं असते, तीही कधीच संपली. आज सोडून दोन वर्षांनी परत आलात तर सगळं पहिल्यापासून, शिवाय तेव्हा तुम्ही 48 चे. आणि मागच्या पानावर एका ओळीत तुम्ही घाईघाईत उल्लेख केलाय, की ‘माझंही बीपी जरा वर असतं’. नव्या फॉर्ममध्ये ते लिहावं लागेल, आणि त्यावर हप्त्यात वाढ किंवा नकारही येऊ शकतो. मुदत टळली तर तीस दिवसांची सवलत असते, पण मधल्या दिवसांत काही झालं तर वार्षिक हप्तावाल्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. तेव्हा तारखेच्या आत भरा.

आता हप्ता. गेल्या वर्षीच्या 36,580 मध्ये मूळ हप्ता 31,000 आणि 18 टक्के जीएसटी 5,580 होता. वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. म्हणजे तुम्हाला चौदाशे-वीसची वाढ दिसतेय, खरी वाढ 31,000 वरून 38,000, पूर्ण 7 हजारांची. ती करसवलतीत लपली. जानेवारी 2025 मध्ये आयआरडीएआयनं कंपन्यांना सांगितलंय की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. तुमच्या फ्लोटरला हा नियम कसा लावला, वयोगट बदलला म्हणून वाढवला का, हे कंपनीला ईमेलनं विचारा. एजंटला फोन नको, लेखीच. समाधान झालं नाही तर पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, कोल्हापूर त्यांच्याकडंच येतं, तक्रारीला खर्च नाही.

वाढीचं मूळ मात्र फ्लोटरमध्येच आहे. त्याचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. तुम्ही, वहिनी आणि मुलगी तिघंही 71 व्या वर्षाच्या भावानं पैसे भरताय. वर ते 3 लाख चौघांत मिळून. आई आठ दिवस आयसीयूत राहिल्या तर उरलेल्या वर्षाला तुमच्या तिघांच्या वाट्याला काय राहील? आईंना वेगळं काढायला हवं. वेगळं काढायचं म्हणजे सोडायचं नाही हं. त्याच कंपनीत त्यांच्या एकटीच्या पॉलिसीत, जुनी वर्षं धरून, बदलून घ्यायचं. आईंची पॉलिसी हातात येईपर्यंत फ्लोटरमधून त्यांचं नाव काढू देऊ नका. दोन्हींची बेरीज आजच्याएवढीच झाली तरी चालेल. पैसे उरले तर तिघांवर सुपर टॉप-अप, म्हणजे 3 लाखांच्या वरचा खर्च देणारी जोडपॉलिसी, घ्या. आजच्या भावात 3 लाख कुठं पुरतात?

आईंचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलेलं दिसत नाही. ऑक्टोबर 2024 अखेरीपासून 70 च्या वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे हॉस्पिटलचे उपचार त्यावर मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. आधारवर काम होतं. आणि तुमचं रेशनकार्ड पांढरं असेल तर तुम्ही महात्मा फुले जनआरोग्य योजनेकडं बघितलंच नसेल. 2024 पासून ती पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला 5 लाखांपर्यंत. दोन्ही योजनांत ठरलेले उपचार आणि ठरलेली हॉस्पिटलं, एवढी अडचण आहे. तुम्हाला हवं ते हॉस्पिटल यादीत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला आत्ता, सगळे धडधाकट असताना विचारून या. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही बघा. ॲडमिट झाल्यावर मुलगा धावपळ करतोय आणि आडनावाच्या स्पेलिंगवर गाडी अडलीय, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणाच्या लग्नात भेटले तरी आधार जुळवलं का म्हणून विचारते.

हे सगळं एका महिन्यात झेपलं नाही आणि पैसे अगदीच कमी पडले, तर मेंबरशिप पुढं ढकला. तिला थांबण्याची मुदत नाही, दोन महिन्यांनी घेतली तरी तीच मिळते.

ता. क. चं उत्तर. सहा पोरांना दवाखान्याची मेंबरशिप द्यायची इच्छा चांगली आहे, पण तुमच्या पैशाला त्याआधी दुसरं काम आहे. लेथवर कुणाचं बोट गेलं तर नुकसानभरपाई मालकानं द्यायची, हे 1923 च्या कायद्यापासून चालत आलंय आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मेंबरशिप त्यातला एक रुपया देणार नाही. त्यासाठी वर्कमेन कॉम्पेन्सेशनची पॉलिसी असते, उद्यमनगरातले बरेच जण काढतात. तुमची आहे का, हे पत्रात नाही. आणि पगार 21,000 च्या आत असतील तर ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, चौकशी करा. ती दहा कामगारांपासून सक्तीची, पण बहुतेक कामगार राजी असतील तर कमी माणसांच्या कारखान्यालाही घेण्याची वाट नव्या संहितेत आहे. पगाराच्या 3.25 टक्के तुमचे, 0.75 टक्के पोरांचे. त्यात दवाखाना आला, हॉस्पिटल आलं, घरची माणसं आली, आजारपणातल्या रजेचा 70 टक्के पगार आला, आणि ईएसआय असली की कामावरच्या अपघाताची भरपाईही तिच्यातूनच मिळते. 14 हजारांच्या माहितीपत्रकात यातलं निम्मंही नाही. ईएसआय होईपर्यंत अपघाताची पॉलिसी या आठवड्यात काढा. पोरं रोज मशिनवर उभी आहेत.